बॉश सी-३ चार्जर: पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी घ्यावा का?

बॉशचा सी-३ हा ६ आणि १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांसाठीचा लहान स्मार्ट चार्जर आहे. दुचाकीसाठी तो घ्यावा की नाही, हे गाडी कुठे उभी असते यावर ठरतं. प्लग हाताशी आहे, वीज टिकते आणि बॅटरी ८ एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) किंवा त्याहून मोठी आहे, तर जरूर घ्यावा. चाकरमान्यांच्या गावच्या बंद घरात, जिथे पावसाळ्यात वीज येते-जाते, तिथे तीन-चार महिने लावून सोडून द्यायचा असेल तर घेऊ नये. आणि आधीच मेलेली बॅटरी उठवायला म्हणून कुणी तो घेत असेल, तर चार्जरच्या आधी व्होल्ट-करंट मोजणारा दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

चार्जरच्या पुढच्या बाजूला एकच ‘मोड’ बटण आहे. ते दाबत गेलं की दिवे पुढे सरकतात: ६ व्होल्टसाठी ७.२ व्होल्ट आणि ०.८ अँपियर, बाइकसाठी १४.४ व्होल्ट आणि ०.८ अँपियर, कारसाठी १४.४ व्होल्ट आणि ३.८ अँपियर, आणि थंडीतल्या किंवा एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेल्या) बॅटरीसाठी १४.७ व्होल्ट, पुन्हा ३.८ अँपियर. बाइकचा मोड १.२ ते १४ एएच बॅटरीसाठी आहे, कारचे दोन्ही १४ ते १२० एएचसाठी. उलटी जोडणी किंवा शॉर्ट झालं तर लाल दिवा लागतो आणि करंट जातच नाही. बॅटरी भरली की चार्जर आपोआप देखभालीच्या बारीक करंटवर येतो, जास्त चार्ज करून बॅटरी उकळवत नाही. लिथियम बॅटरीला हा चार्जर लावायचा नाही.

इथे एक सापळा आहे. आजच्या बहुतेक दुचाकींची सीलबंद व्हीआरएलए (व्हॉल्व्ह असलेली, पाणी न घालायची) बॅटरी आतून एजीएमच असते. बॅटरीवर तसं छापलेलं असतं, म्हणून लोक एजीएमचा मोड निवडतात. पण तो मोड कारच्या एजीएमसाठी आहे. ८ एएच बॅटरीत ३.८ अँपियर म्हणजे क्षमतेच्या जवळजवळ निम्मा करंट. बॅटरी तापते, आतला वायू व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो आणि त्याबरोबर गेलेलं पाणी परत भरता येत नाही, कारण झाकण उघडायची सोयच नाही. दोन-तीनदा असं झालं की बॅटरीची क्षमता कायमची घटते. बाइकच्या चित्राचा दिवा लागलाय ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघायचं. बॅटरी कुठल्याही कंपनीची असो, १४ एएचच्या आतली असेल तर ०.८ अँपियरच.

हा ०.८ चा आकडा दुचाकीला नेमका बसतो. लेड-अ‍ॅसिडला क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका करंट मानवतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या नव्या जे-सिरीज इंजिनाच्या गाडीला ८ एएचची बॅटरी आहे, तिला ०.८ अँपियर म्हणजे बरोबर दहावा भाग. अर्धी उतरलेली असेल तर ४ एएच भरायचे, म्हणजे हिशेबाने पाच तास. पण शेवटच्या टप्प्यात बॅटरी करंट कमी-कमी घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात सात-आठ तास धरावेत. रात्री लावला की सकाळी काम झालेलं असतं. अ‍ॅक्टिव्हा ६जीच्या ३ एएचला हाच करंट चौथ्या भागाहून थोडा जास्त पडतो. मर्यादेत बसतो, पण बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पहिला तासभर हात लावून बघावा. कोमट चालेल, गरम झाली तर चार्जर काढावा.

आता उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशाने? दोन गोष्टींनी, आणि त्यांचा हिशेब कागदावर मांडता येतो. पहिली, बॅटरी स्वतःहून उतरते. चांगली व्हीआरएलए २५ अंशांच्या आसपास महिन्याला साधारण ३ टक्के घालवते. तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी आणि महाबळेश्वरला उभी गाडी यांचा हिशेब एक नाही. तरीही एवढ्याने चार महिन्यांत बॅटरी मरत नाही.

मारते ती दुसरी गोष्ट: चावी बंद असतानाही चालू असलेला करंट. मीटरमधलं घड्याळ, ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरची) मेमरी, अलार्म, कुणी लावलेला जीपीएस ट्रॅकर. २ मिलीअँपियर धरले तर दिवसाला ०.०४८ एएच, महिन्याला जवळजवळ दीड एएच. ८ एएचची बॅटरी तीन महिन्यांत निम्म्याहून खाली जाते. ट्रॅकरने १५ मिलीअँपियर घेतले तर दिवसाला ०.३६ एएच, म्हणजे २२ दिवसांत बॅटरी सपाट. सपाट झालेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक खड्यांसारखं जमतं. एकदा ते घट्ट झालं की कुठलाही चार्जर ते पूर्ण विरघळवत नाही.

हा करंट किती आहे ते मोजायला वेळ लागत नाही. चावी बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, मल्टिमीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून वायर आणि निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोडायचा, आकडा स्थिरावला की मिलीअँपियरच्या रेंजवर आणायचा. मीटर जोडलेला असताना चावी लावायची नाही, सेल्फ तर मुळीच नाही. मीटरचा फ्यूज उडतो. ५ मिलीअँपियरच्या वर आकडा दिसला तर नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू एकेक करून सुटी करून बघावी. हॉर्नचा रिले, फॉग लाइट, मोबाइल चार्जर, यांतलं एखादं थेट बॅटरीवर जोडलेलं निघतं.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय चार्जरचा नाहीच. गाडी उभी करायच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरायची आणि निगेटिव्ह वायर सोडून ठेवायची. घड्याळ शून्यावर जातं, बाकी काही बिघडत नाही. पूर्ण भरलेली, दोन वर्षांच्या आतली बॅटरी अशी तीन-चार महिने सहज टिकते. ज्याला फक्त एक पावसाळा काढायचा आहे आणि ज्याची गाडी १०० सीसीची, किकवाली आहे, त्याने चार्जरवर पैसे घालू नयेत.

वायर सोडतानाचा क्रम लक्षात ठेवावा. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, पॉझिटिव्ह आधी. पॉझिटिव्ह सोडताना पाना चेसिसला टेकला आणि निगेटिव्ह अजून जोडलेली असेल, तर थेट शॉर्ट होतो आणि पाना जागेवरच चिकटतो. दुसरी अडचण त्या छोट्या चौकोनी नटाची. बाइकच्या बॅटरीच्या टर्मिनलात वरून बोल्ट जातो आणि आतल्या खाचेत नट नुसता ठेवलेला असतो. बोल्ट काढला की नट खाली बसतो, आणि परत बसवताना बोल्ट कितीही फिरवला तरी आटे धरत नाहीत. नटाखाली स्पंजचा किंवा रबरी नळीचा छोटा तुकडा सरकवला की नट वर उचलून राहतो आणि बोल्ट पहिल्या फेरीत पकडतो. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. आवळायच्या आधी, टर्मिनल आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) यांच्या मध्ये नाही.

सी-३ ची खरी उणीव कागदावरच्या आकड्यांत दिसत नाही. वीज गेली आणि परत आली की तो आधीचा मोड लक्षात ठेवत नाही. स्टँडबायवर येऊन थांबतो आणि कुणीतरी बटण दाबायची वाट बघतो. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, माणूस घरात असताना, याने फरक पडत नाही. पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जूनच्या वाऱ्यात फांदी तारेवर पडली की वीज गेलीच. तिथल्या बंद घरात लावून ठेवलेला चार्जर पहिल्याच आठवड्यात नुसता दिवा लावून बसलेला असतो, आणि गणपतीला आलेला माणूस समजतो की बॅटरी चार महिने चार्जवर होती. अशा ठिकाणी सीटेक कंपनीचा एक्सएस ०.८ चार्जर बरा. त्याला बटणच नाही. एकच कार्यक्रम, ०.८ अँपियर, वीज आली की पुन्हा सुरू. मात्र तो ६ व्होल्टला चालत नाही, आणि घरातल्या कारसाठीही तोच वापरायचा तर ०.८ अँपियरने भरायला फार वेळ लागतो.

सी-३ आधीच घेतलेला असेल तर कायम लावून ठेवायच्या फंदात पडू नये. महिन्यातून एक रात्र पुरते. निगेटिव्ह वायर सुटी आणि महिन्याला एकदा आठ तास चार्ज, ही जोडी सहा महिन्यांनाही पुरी पडते. शहरात पार्किंगमध्ये प्लग नसतोच, त्यामुळे बॅटरी काढून घरात आणावी लागते. चार्जर आयपी-६५ आहे, धूळ-शिंतोड्यांना दाद देत नाही, पण एक्स्टेन्शन बोर्ड तसा नसतो. ओल्या पार्किंगमध्ये बोर्ड जमिनीवर टाकू नये. घरात बाल्कनी किंवा उघड्या खिडकीजवळची जागा निवडावी, कपाटात किंवा बंद बाथरूममध्ये नाही. चार्ज होताना हायड्रोजन सुटू शकतो. आधी क्लिपा लावायच्या, मग प्लगचं बटण. काढताना आधी बटण, मग क्लिपा. ठिणगी पडायची ती या क्रमात पडत नाही.

पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या बाबतीत चार्जरकडून किती अपेक्षा धरावी? व्होल्टेज साधारण ७.५ ते १०.५ च्या मध्ये असेल तर सी-३ हलक्या स्पंदनांनी सुरुवात करतो आणि नंतर नेहमीच्या चार्जिंगवर जातो. त्याखाली असेल तर बॅटरी १२ व्होल्टची आहे हे त्याला पटतच नाही आणि चार्जिंग सुरू होत नाही. चार्जर बिघडला असं समजून लोक तो परत करायला निघतात. तसं नाही. अशा वेळी एक चांगली १२ व्होल्टची बॅटरी त्या बॅटरीला समांतर जोडतात, प्लसला प्लस, मायनसला मायनस, दोन-पाच मिनिटं. मग चार्जर सुरू करून चांगली बॅटरी काढून घेतात. उपाय चालतो, पण बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर हा प्रयोग करायचा नाही. आणि महिनोन्महिने ६-७ व्होल्टवर पडून राहिलेली बॅटरी यातून उठली तरी तिच्यावर लांबच्या प्रवासाला भरवसा ठेवू नये.

चार्जरचा दिवा ‘भरली’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की बॅटरी आता करंट घेत नाही. सल्फेट झालेली बॅटरीही करंट घेत नाही! म्हणून जी बॅटरी मध्यरात्री लावली आणि तासाभरात भरली, तिच्यावर संशय घ्यावा. चार्जर काढून बॅटरी रात्रभर नुसती ठेवावी आणि मग व्होल्टेज बघावं. १२.७ ते १२.९ असेल तर ठीक. १२.४ असेल तर थकलेली आहे, थोडे दिवस चालेल. १२ च्या खाली घसरली तर बदलावी. १०.५ च्या आसपास अडकली तर सहातला एक सेल गेलेला आहे. प्रत्येक सेलचे २.१ व्होल्ट, त्यातला एक वजा झाला की हाच आकडा उरतो, आणि त्यावर औषध नाही.

पण उभं व्होल्टेज अर्धंच सांगतं. खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटरची टोकं वायरच्या लगवर नाही, बॅटरीच्या टर्मिनलवरच धरायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. आकडा १२.७ वरून झपकन खाली येतो. १० च्या आसपास थांबला, इंजिन फिरलं, सुरू झालं आणि आकडा १४ कडे चढला, तर सगळं जागेवर आहे. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत. ७-८ पर्यंत कोसळला आणि सेल्फचा रिले (मोटरला करंट सोडणारा स्विच) टकटकटक वाजू लागला तर बॅटरी संपली, मग उभं व्होल्टेज कितीही छान दिसू दे. आणि एकच ‘टक’ होऊन आकडा १२ लाच राहिला, तर बॅटरीला दोष देऊ नये. करंट पुढे जातच नाही: रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत, अर्थिंगची (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला जाणारी) वायर गंजली, किंवा पावसाळ्यात उभ्या गाडीच्या स्टार्टर मोटरमधले कार्बन ब्रश अडकलेत.

अर्थिंग तपासायची युक्ती सोपी आहे. मीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. व्होल्टभर दिसला तर इंजिनाला जोडलेला अर्थिंगचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासावा. कोकणातल्या आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत हा बोल्ट हिरवा-पांढरा झालेला सापडतो, आणि तोवर मालकाने नवी बॅटरी घेतलेली असते.

टकही होत नसेल तर साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, लाल किल स्विच आणि फ्यूज, याच क्रमाने बघावं. महिनोन्महिने न हललेल्या स्विचमध्ये ओल साचते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून दहा-पंधरा वेळा चालू-बंद केलं की बहुतेक वेळा काम होतं. सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा विषय चार्जरच्या हद्दीबाहेर जातो. कार्बुरेटरच्या गाडीत खालच्या वाटीतलं जुनं पेट्रोल ड्रेन स्क्रू सैल करून काढून टाकायचं. उडून उरलेला चिकट थर पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजवतो. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी ओढायची सवय आहे, म्हणून गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरलेली बरी, हवेला जागा कमी राहते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांत चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद ‘झूंऽ’ असा आवाज यायला हवा. बॅटरी सपाट असेल तर पंप आणि ईसीयू जागे होत नाहीत, त्यामुळे ढकलून, गिअरात टाकून गाडी सुरू करायचा जुना उपाय अशा वेळी चालत नाही. उभ्या गाडीला चार्जरची गरज पूर्वीपेक्षा वाढली, ती यामुळे.

‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव’ हा सल्लाही आता सोडून द्यावा. २०१७ पासूनच्या दुचाकींत हेडलाइट बंद करता येत नाही; नुसत्या आयडलवर बॅटरीत जेमतेम काही परत जातं, आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो. चालवायची तर अर्धा तास चालवावी. तेव्हाच मीटर लावून तीन-चार हजार आरपीएमला व्होल्टेज बघावं: १३.८ ते १४.५ योग्य. १३ च्या वर चढत नसेल तर स्टेटर (वीज तयार करणारं वेटोळं) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरी शिजवतोय. या दोन्हींत चार्जर घेणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

बॅटरीच्या दुकानात चार्ज करून मिळते, मग घरी चार्जर कशाला, असं विचारलं जातं. अनेक दुकानांत अजून जुने ट्रान्सफॉर्मरचे चार्जर आहेत आणि पाच-सहा बॅटऱ्या मालिकेत जोडून सगळ्यांतून एकच करंट जातो. कारच्या बॅटरीला जो मानवतो तो ४ एएचच्या सीलबंद बॅटरीलाही मिळतो. दुकानात देणारच असाल तर ‘एक अँपियरच्या वर लावू नका’ असं सांगून द्यावी, आणि घेताना बॅटरी फुगलेली नाही ना हे बाजूने पट्टी लावून बघावं.

किमतीचं म्हणाल तर सी-३ हा ८ एएचच्या नव्या बॅटरीपेक्षा महाग पडतो. एकाच अ‍ॅक्टिव्हासाठी हा सौदा बसत नाही. घरात एक बुलेट, एक स्कूटर आणि एक कार असेल तर तिघांना पुरतो आणि वर्षा-दोन वर्षांत पैसे वसूल होतात. राजदूत १७५ सारखी ६ व्होल्टची गाडी जपणाऱ्यांना तर हाच उपयोगी. त्या जुन्या बॅटऱ्यांत मात्र चार्ज करायच्या आधी पाण्याची पातळी बघावी, प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालावं आणि चार्ज झाल्यावर वरच्या रेषेपर्यंत भरावं.

चार्जरच्या क्लिपा बाइकच्या अरुंद जागेत नीट बसत नाहीत. पॉझिटिव्हची क्लिप घसरून चेसिसला टेकायची भीती असते. वारंवार चार्ज करायचं असेल तर टर्मिनलवर कायमची वायर बसवून घ्यावी: दोन गोल लग, पॉझिटिव्हच्या वायरीत टर्मिनलपासून जितका जवळ जमेल तितका ५ अँपियरचा फ्यूज, आणि टोकाला उलटा न बसणारा दोन पिनांचा कनेक्टर. वायर साइड पॅनलच्या फटीतून बाहेर काढावी आणि कनेक्टरला रबरी टोपी घालून तोंड खाली ठेवावं, म्हणजे धुताना किंवा पावसात पाणी आत साचत नाही.